पोटावारी जगप्रवास

पोस्ट लांब आहे. पण घरात कुणी विशी-पंचविशीचं असेल आणि त्याच्या मोबाईलवर "शून्य खर्चात तीन महिने युरोप" छापाची रील्स येत असतील, तर जरा वेळ काढून वाचा.

दीडेक महिन्यापूर्वी भाचीचा फोन आला. वय २६, हिंजवडीत आयटीत नोकरी, चौथं वर्ष. म्हणाली, "मामा, माझ्या खात्यात तीन-चार महिने चार लाख ठेवशील का? एक रुपया खर्च करणार नाही. नुसते दिसायला हवेत." मी बँकेत एकतीस वर्षं काढलीत. "नुसते दिसायला हवेत" हे वाक्य कानावर पडलं की आजही माझा हात आपोआप पासबुकाकडे जातो. विचारलं, कशासाठी? तर व्हिसासाठी. आणि पैशांबरोबर माझ्या सहीचं एक पत्रही हवं होतं, की ही माझी भाची, पर्यटनासाठी चालली आहे, खर्चाची जबाबदारी माझी.

मग हळूहळू बेत बाहेर आला. नोकरी सोडायची. ऑक्टोबरात इटलीत टस्कनीमधल्या एका कुटुंबाच्या शेतावर ऑलिव्ह तोडायला जायचं, मग पोर्तुगालात एका हॉस्टेलवर, मग जमलं तर स्पेनमध्ये. राहणं-जेवण यजमानाचं, बदल्यात दिवसाला पाच तास काम, आठवड्यातून पाच दिवस. खर्च फक्त विमानाचा. व्हिसा मात्र टुरिस्टचा, हॉटेलांची बुकिंगं करायची आणि व्हिसा हातात पडला की रद्द करायची. "सगळे असंच करतात, मामा. याला व्हॉलंटिअरिंग म्हणतात."

माझी थोरली बहीण, म्हणजे तिची आई, मागून ओरडत होती, "घरात जेवलेलं ताट उचलत नाही आणि तिकडं शेतात राबायला निघाली!" ताईचा मुद्दा तसा बिनतोड आहे, पण तो बाजूला ठेवू.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वर्कअवे, वर्ल्डपॅकर्स, हेल्पएक्स, वूफ अशा सेवा आहेत. वर्गणी भरायची, आपली माहिती टाकायची, जगभरचे यजमान शोधायचे. कुणाला बागेला हात हवा असतो, कुणाला मुलं सांभाळायला, कुणाला भिंत रंगवायला, कुणाला हॉस्टेलची गाद्या-चादरी बदलायला. यात सगळ्यात जुनी वूफ. १९७१ साली लंडनमध्ये सेक्रेटरीचं काम करणाऱ्या स्यू कॉपर्ड या बाईंना शहरात जीव गुदमरायला लागला म्हणून त्यांनी ससेक्समधल्या एका सेंद्रिय शेतावर शनिवार-रविवार कामाला जायची सोय लावली. पहिल्या खेपेला मोजून चार माणसं होती. नाव तेव्हा साधं होतं: सेंद्रिय शेतावरचे कामाचे वीकेंड. पुढे त्याचं झालं "राजीखुशीनं काम करणारे कामगार". आणि मग नावातून "काम" आणि "कामगार" दोन्ही शब्द गेले आणि "जगभरातल्या संधी" आल्या. का गेले? कारण विमानतळावरचे अधिकारी "कामगार" शब्द वाचला की वर्क व्हिसा मागायला लागले. काम होतं तेच राहिलं, नाव तेवढं बदललं. मला वाटतं, या सगळ्या व्यवहाराची कुंडली त्या एका नामांतरात आहे.

कारण प्रश्न नावाचाच आहे. आमच्याकडे तासगावात द्राक्षबाग आहे, धाकटा भाऊ बघतो. छाटणीला टोळ्या येतात, विरळणीला बायका येतात, त्यांचा रोज ठरलेला असतो. उद्या भावानं टोळीला सांगितलं, की बाबांनो, यंदा मजुरी नाही, पण शेडमध्ये झोपा, दोन वेळची भाकरी-आमटी खा, आणि संध्याकाळी डोंगरामागे सूर्य मावळतो तो बघा, तर टोळीचा मुकादम काय बोलेल ते इथे लिहिता येणार नाही. आपल्याकडे याला फार जुना शब्द आहे, पोटावारी राबणं. माझ्या आजोबांच्या काळात सालगडी तसे राबायचे. तो काळ गेला म्हणून कुणाला वाईट वाटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

लगेच कुणीतरी म्हणेल, काका, तुलना चुकीची आहे, ही मुलं मर्जीनं जातात, अनुभवासाठी जातात. मान्य. भाचीला कुणी वेठीला धरलेलं नाही, दुसऱ्या दिवशी बॅग उचलून निघता येतं. पण हिशेब तरी करून बघा. इटलीत कायद्यानं ठरलेलं देशव्यापी किमान वेतन नाही, म्हणून जर्मनीचा आकडा घेतो. २०२५ साली तिथं तासाला किमान १२.८२ युरो. आठवड्याला पंचवीस तास, म्हणजे चार आठवड्यांत शंभर. झाले १,२८२ युरो. आता राहण्या-जेवणाची किंमत. तीही जर्मन सरकारनंच कर आकारणीसाठी २०२५ सालापुरती ठरवून दिलेली होती: मालकानं कामगाराला फुकट दिलेल्या जेवणाची महिन्याला ३३३ युरो आणि फुकट निवाऱ्याची २८२. बेरीज ६१५. म्हणजे पोरीनं १,२८२ चं काम करायचं आणि ६१५ चा मोबदला घ्यायचा. कर वगैरे धरून फरक थोडा कमी होईल, पण मिटणार नाही. याला "फुकट राहणं" म्हणायचं? फुकट काही मिळालं असेल तर ते यजमानाला.

आणि इथे सगळे यजमान लबाड असतात असं मला म्हणायचं नाही. आमच्या सोसायटीतली एक मुलगी फ्रान्समध्ये शिकत असताना डोंगरातल्या एका म्हाताऱ्या जोडप्याकडे दोन आठवडे राहून आली. शेळ्यांचं दूध काढायला, चीज लावायला शिकली. आजही त्यांची नाताळला पत्रं येतात, आणि ती मुलगी ज्या पद्धतीनं त्या आजीबद्दल बोलते ते ऐकलं की वाटतं, आपणही जावं. त्या दोन आठवड्यांचा युरोत हिशेब करणारा मीच मूर्ख ठरेन. पण दुसरं उदाहरण जुन्या सहकाऱ्याच्या मुलाचं. दक्षिण युरोपातल्या एका किनाऱ्यावरचं हॉस्टेल. ठरलं होतं दिवसाला चार तास. प्रत्यक्षात सकाळी चौदा पलंगांच्या चादरी, संडास-बाथरूम, आणि रात्री काउंटर. तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, तास जास्त होतायत. मालक म्हणाला, बरं, मग उद्या दुपारपर्यंत खोली रिकामी कर. भाडेकरू नाही, कामगार नाही, गिऱ्हाईकही नाही. तक्रार कुणाकडे करणार? पोलिसांत गेला असता तर पहिला प्रश्न त्यालाच आला असता, की टुरिस्ट व्हिसावर तू इथं काम कसा करत होतास? वाईट रिव्ह्यूसुद्धा लिहिला नाही त्यानं. का, तर मालकानंही उलट वाईट लिहिला असता आणि पुढचा यजमान मिळाला नसता. त्या सगळ्या पंचतारांकित रिव्ह्यूंचा अर्थ लावताना हे लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट मला त्या हॉस्टेलबद्दल विचारावीशी वाटते. चौदा पलंगांच्या चादरी बदलायचं काम आधी कुणीतरी करत असेलच ना? बहुधा एखादी बाई, बहुधा तीही कुठून तरी पोटासाठी आलेली. आता ते काम हौशी पोरं फुकट करतात. तिचं काय झालं असेल?

ऑस्ट्रेलियात हा प्रश्न सरकारपर्यंत गेला. तिथे वर्किंग हॉलिडे व्हिसावर आलेल्यांना दुसरं वर्ष हवं असेल तर ग्रामीण भागात ठरावीक दिवस काम दाखवावं लागतं. आधी त्यात राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेलं बिनपगारी कामही धरत. शेतांवरच्या पिळवणुकीच्या तक्रारी वाढल्या आणि २०१५ च्या अखेरीला सरकारनं सांगितलं, पगाराची पावती दाखवा, नाहीतर काम धरणार नाही. न्यूझीलंडचा नियम तर सरळ आहे: ज्यातून काही लाभ किंवा मोबदला मिळतो ते काम, आणि राहणं-जेवण हाही मोबदलाच. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून गेलेल्याला स्वयंसेवा करता येते, पण ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी, एकूण ३० दिवसांपर्यंत, आणि तीही जाण्याचा मुख्य हेतू नसेल तर. कुणाच्या खासगी शेतावर किंवा हॉस्टेलवर नाही.

भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मामा, गोव्यात जाऊन बघ. प्रत्येक हॉस्टेलात गोरी पोरं हेच करतात. त्यांना कुणी विचारतं?"

विचारत नाही, हे खरंय. पण आपला नियमही बघा. भारताच्या ई-टुरिस्ट व्हिसावर अल्पकाळाची स्वयंसेवा चालते, जास्तीत जास्त एक महिना, आणि त्यात पैसा किंवा कोणत्याही स्वरूपाचा मोबदला नसावा. कोणत्याही स्वरूपाचा! म्हणजे आपल्या सरकारनंही तेच लिहून ठेवलंय. राबवत नाही ही गोष्ट वेगळी. आणि तिच्या प्रश्नात खरी मेख इथेच आहे. गोव्यातल्या त्या पोराला उद्या पकडलं तर तो घरी जाईल आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या देशात व्हिसाशिवाय उतरेल. त्याचा पासपोर्टच तसा आहे.

तरी त्यांचंही दर वेळी निभावतं असं नाही. २०२५ च्या सुरुवातीला ब्रिटनची एक तरुणी अमेरिकेत कुटुंबांकडे राहून, घरकामात हात लावून फिरत होती. तिथून कॅनडात अशाच एका कुटुंबाकडे निघाली. कॅनडाच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, तिथे काय करणार? तिनं खरं सांगितलं. ते म्हणाले, हे काम आहे, याला वर्क परमिट लागतं. परत पाठवलं, आणि अमेरिकेनं व्हिसाच्या अटी मोडल्या म्हणून तिला थेट स्थानबद्धता केंद्रात टाकलं. जवळजवळ तीन आठवडे. ब्रिटनच्या वर्तमानपत्रांत रान उठलं, तेव्हा घरी पोचली. ब्रिटिश पासपोर्टवर हे झालं. आपल्या पोरीसाठी कोणतं वर्तमानपत्र रान उठवणार आहे?

आपल्या पासपोर्टवर खोटं पकडलं गेलं तर काय होतं ते रील करणारे सांगत नाहीत. शेंगेन देशांच्या सामाईक यंत्रणेत तुमच्या व्हिसाची नोंद, नकार किंवा रद्द झाल्याची नोंदसुद्धा, पाच वर्षांपर्यंत राहते. ब्रिटनच्या अर्जात फसवणूक सापडली तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते. आणि पुढे कुठल्याही देशाचा फॉर्म भरताना तो प्रश्न असतोच, तुम्हाला कधी व्हिसा नाकारला आहे का, परत पाठवलं आहे का? उद्या या पोरीला कंपनी अमेरिकेला पाठवायला निघाली, किंवा तिनं जर्मनीत मास्टर्सला अर्ज केला, तर त्या तीन महिन्यांच्या ऑलिव्हचं उत्तर तिथे द्यावं लागेल. विम्याचंही तेच. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा विमा लागतो, तो सगळे काढतात. पण अनेक प्रवासी पॉलिस्यांमध्ये अंगमेहनतीचं काम करताना झालेली इजा वगळलेली असते. ऑलिव्हच्या झाडाला शिडी लावून चढायचं आणि पाय घसरला तर विमा कंपनीला काय सांगायचं, बागेत फिरत होते? पॉलिसीचा बारीक मजकूर वाचा. मी आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो आणि आयुष्यभर कुणी वाचला नाही.

आता "स्वयंसेवा" या शब्दाबद्दल, कारण माझी खरी चीड तिथे आहे. पिअर सेरेसोल नावाचा स्विस माणूस होता. पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९२० साली, त्यानं वेगवेगळ्या देशांतली माणसं घेऊन फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळचं एक उद्ध्वस्त गाव उभं करायला घेतलं. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांची माणसं एकत्र विटा उचलत होती. त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था झाली. १९३४ च्या भूकंपानंतर हाच माणूस बिहारमध्ये आला आणि घरं बांधायला लागला. आपल्याकडे सोमनाथची श्रमसंस्कार छावणी आठवा. मे महिन्यातला चंद्रपूरचा उन्हाळा, बाबा आमट्यांच्या हाकेवर आलेली पोरं, हातात कुदळ-फावडं. स्वतःच्या खर्चानं जायचं, घाम गाळायचा, आणि परत येताना हाताला घट्टे. ती स्वयंसेवा, कारण तिथं ज्याच्यासाठी राबायचं त्याला गरज होती आणि देणाऱ्याला मोबदला नको होता. टस्कनीतल्या ऑलिव्ह तेलाची बाटली तो शेतकरी विकणार आहे, तो काही भूकंपग्रस्त नाही. त्याच्याकडे राहण्याच्या बदल्यात काम करणं यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, उलट आपल्या पोरांनी हातानं काम करावं याचा मला आनंदच आहे. पण मग त्याला काम म्हणा. कामाचे तास लिहून घ्या, विमा मागा, आणि त्या कामाचा परवाना मागा.

परवाना मिळत नाही, ही अडचण आहे, आणि ती खरी आहे. यावर आपलं सरकार काहीच करत नाही असंही नाही. ऑस्ट्रेलियानं व्यापार कराराचा भाग म्हणून १८ ते ३० वयाच्या भारतीयांना वर्षाला एक हजार वर्क अँड हॉलिडे व्हिसा देऊ केले. २०२४ च्या ऑक्टोबरात पहिली सोडत निघाली तेव्हा दोनच आठवड्यांत सुमारे चाळीस हजार अर्ज आले! ब्रिटनच्या यंग प्रोफेशनल्स योजनेत भारतीयांना वर्षाला तीन हजार जागा, त्याही सोडतीनं. एवढ्या मोठ्या तरुण देशाला एवढ्याच. व्यापार करारांवर आपण टॅरिफ, दारू, मोटारी यांवर महिनोन्‌महिने भांडतो. या जागांसाठी कुणी भांडलेलं मी अजून ऐकलेलं नाही. एकाही खासदारानं हा आकडा वाढवा म्हणून आवाज उठवला तर मी त्याच्या पक्षाचं न बघता त्याला मत देईन.

आणि सरळ वाटाही आहेत, त्यांची रील्स होत नाहीत एवढंच. जर्मनीत २०११ पासून संघीय स्वयंसेवा योजना आहे. वृद्धाश्रम, रुग्णालय, पर्यावरणाच्या संस्था अशा ठिकाणी साधारण वर्षभर काम, त्यासाठी रीतसर व्हिसा, हातखर्च आणि सामाजिक विमा, बहुतेक ठिकाणी राहण्या-जेवणाची सोय. कामापुरतं जर्मन आधी शिकावं लागतं. दुसरी वाट ओ पेअरची. कुटुंबात राहून मुलं सांभाळायची, आठवड्याला तीस तासांच्या वर नाही, महिन्याला २८० युरो हातखर्च, विमा कुटुंबानं काढायचा. पण त्याला वय २७ च्या आत लागतं, म्हणजे आमच्या पोरीसाठी ते दार बंद व्हायलाच आलंय. दोन्ही ठिकाणी पिळणारे यजमान निघतातच. पण तिथे तुमच्या हातात करार असतो.

आता शेवटचं, म्हणजे आमच्या घरात काय झालं ते.

मी भाचीला म्हटलं, पत्र देतो, पण एक कर. त्या टस्कनीच्या यजमानाला मेल लिही आणि विचार, मी व्हिसाच्या अर्जात तुमचं नाव आणि कामाचं स्वरूप लिहिलं तर चालेल का? तिनं लिहिलं, धाडसी आहे पोरगी. दोन दिवसांनी उत्तर आलं. ते तिनं मला फोनवर वाचून दाखवलं. भाषा अगदी गोड होती. आमचं नाव कुठे लिहू नकोस, मैत्रिणीकडे चाललेय असं सांग, आणि विमानतळावर येण्याआधी आपले हे मेल फोनमधून काढून टाक.

वाचून झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मीही.

मी पैसे ठेवले नाहीत आणि पत्रही दिलं नाही. म्हटलं, पंधरा दिवस खरीखुरी टुरिस्ट म्हणून जा, निम्मा खर्च मी देतो, रोम बघ, फ्लोरेन्स बघ. तर ती म्हणाली, "मला बघायचं नाहीये, मामा. बघून सगळेच येतात. मला तिथं राहायचंय, कुणाच्या तरी घरात, काहीतरी करत." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बरोबरच आहे तिचं. बसमधून उतरून फोटो काढून पुन्हा बसमध्ये बसणाऱ्या माझ्या पिढीपेक्षा हे मागणं कितीतरी चांगलं आहे. गोऱ्या पोरांना ते सहज मिळतं आणि हिला खोटं बोलून मिळवावं लागतं, याचा राग मलाही येतो. फक्त त्या खोट्यावर माझी सही नको होती.

त्यानंतर ती माझ्याशी नीट बोललेली नाही. घरच्या ग्रुपवर माझ्या मेसेजला अंगठा दाखवते, तेवढंच. गेल्या रविवारी ताईकडून कळलं, की तिनं जर्मनच्या ए-वन वर्गाची फी भरली आहे. मला तिनं अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे मलाही माहीत नाही असं समजा.